डॉक्टरेटनंतरची उमेदवारी



उमेदवार हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. सुताराच्या, कासाराच्या किंवा यंत्रशाळेतल्या मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकतो तो उमेदवार. आणि जागेसाठी अर्ज करून मुलाखतीच्या बाकावर बसतो तोही उमेदवार. पहिल्या उमेदवारीत हात तयार होतो. दुसरीत तो तयार हात परक्या माणसांना पटवून द्यावा लागतो. आज ज्यांच्याविषयी मला बोलावयाचे आहे ती माणसे एकाच वेळी दोन्ही अर्थांनी उमेदवार असतात. त्यांना पहिली उमेदवारी शिकविणारा कोणीतरी असतो. दुसरी शिकविण्याचे काम मात्र आपल्याकडे कोणाच्याच अंगावर टाकलेले नाही.

विषय ऐकून काहींना वाटले असेल की, बिडी कामगारांच्या संघटनेत ज्याचे आयुष्य गेले त्याला विद्यापीठातल्या डॉक्टरांशी काय कर्तव्य? शंका रास्त आहे. कॉलेजची पायरी मी चढलो ती सभेपुरतीच. परंतु आपल्या जिल्ह्यात ज्या घरांत तेंदूच्या पानांवर संसार चालला, ज्या घरांतली माणसे तुमसरकडच्या मॅंगनीजच्या खाणींत उतरली, त्या घरांतली मुले आता पीएच.डी.पर्यंत पोहोचू लागली आहेत. आईबापांना वाटते, पोरगा डॉक्टर झाला, गंगेत घोडे न्हाले. घोडे अजून काठावरच असते, हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून हा विषय घेतला.

पोस्टडॉक म्हणजे कोण?

पीएच.डी. झाल्यावर आणि कायमची जागा मिळण्याआधी जो ठरावीक मुदतीवर संशोधनाचे काम करतो, त्याला पोस्टडॉक म्हणतात. या प्रथेला शंभर वर्षे होऊन गेली. अमेरिकेत १९१९ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशांतून नव्या डॉक्टरांना भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांच्या संशोधनासाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. हेतू चांगला होता: दोनचार वर्षे शिकविण्याच्या ओझ्याविना काम करावे आणि मग प्राध्यापक व्हावे. आपल्याकडे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आयसर, नागपूरची नीरी, अशा ठिकाणी ही मंडळी काम करतात. कोणाला ‘रिसर्च असोसिएट’ म्हणतात, कोणाला ‘फेलो’.

पगार ऐकून सामान्य माणूस म्हणेल, वाईट काय आहे? केंद्र शासनाने १ जानेवारी २०२३ पासून रिसर्च असोसिएटच्या पहिल्या पायरीला महिना ५८,००० रुपये आणि तिसऱ्या पायरीला ६७,००० रुपये ठरविले; घरभाडे वेगळे. रक्कम खरी आहे, पण मुदतीची आहे. राष्ट्रीय पोस्टडॉक शिष्यवृत्ती दोन वर्षांची असते. प्रकल्पातली जागा प्रकल्पाबरोबर संपते. माणूस तिशीत पोहोचलेला असतो, घरी म्हातारे आईबाप असतात, लग्न झालेले असते किंवा ठरत नसते. आणि पुढच्या वर्षी आपण कोणत्या गावी असू, हे त्याला सांगता येत नाही. ज्याच्या कामाला उद्याची खात्री नाही, त्याला कामगार चळवळीत आम्ही हंगामी म्हणतो. पदवी मोठी झाली म्हणून हंगामीपणा लहान होत नाही.

ही पायरी टाळून पुढे जावे म्हटले, तर मोठ्या संस्थांत तेही जमत नाही. आय.आय.टी.सारख्या संस्थांत सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या श्रेणीसाठी पीएच.डी.नंतरचा तीन वर्षांचा अनुभव मागतात. म्हणजे वाट याच उमेदवारीतून जाते.

घरातले ज्ञान

प्रत्येक धंद्याचे काही ज्ञान पुस्तकात असते आणि काही घरात असते. प्राध्यापकाच्या घरात वाढलेल्या मुलाला जेवताजेवताच कळते की अर्ज कधी करावा, कोणाला भेटावे, मुलाखतीत काय विचारतात. बिडीवाल्याच्या घरात तंबाखू किती भरावा हे कळते. संशोधनाची आखणी कशी लिहावी हे कोठून कळणार?

कमला सोहोनी यांचे उदाहरण घ्या. त्या माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी प्रवेश मागितला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत, आणि शेवटी एक वर्षाच्या अजमावणीवर त्यांना आत घेण्यात आले. तेथे श्रीनिवासय्या हे शिक्षक त्यांना लाभले. पुढे केंब्रिजला गेल्यावर प्रयोगशाळेत जागा नव्हती, तेव्हा डॉ. रिश्टर यांनी आपले टेबल दिवसा त्यांना दिले आणि स्वतः रात्री काम केले. नंतर रॉबिन हिल यांच्या हाताखाली काम करून १९३९ साली त्या पीएच.डी. झाल्या. त्यांची जिद्द आपण नेहमी सांगतो आणि ती सांगावीच. पण आणखी एक गोष्ट पाहा. त्यांचे वडील आणि चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि त्याच बंगलोरच्या संस्थेत शिकलेले होते. कोणत्या दाराशी उभे राहावयाचे, हे त्या घराला ठाऊक होते. इतके असूनही दार सहज उघडले नाही. मग ज्या घराला दारच ठाऊक नाही, त्या घरच्या मुलीचे काय होत असेल?

दुसरे उदाहरण, १९५४ साली ज्यांनी आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ ते १९१६ ते कोलंबिया विद्यापीठात होते, तेथे प्राध्यापक सेलिग्मन त्यांचे गुरू. १९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांची आहे. शिष्य कोलंबिया सोडून नऊ वर्षे झाली होती, सात समुद्रांपलीकडे होता, तरी गुरूने आपले नाव त्याच्या कामामागे उभे केले. मार्गदर्शन प्रबंधावर सही झाल्याने संपत नाही, ते असे.

ही दोन्ही माणसे असामान्य होती. असामान्य माणसे अडचणींतूनही वाट काढतात. व्यवस्था करावयाची असते ती तुमच्याआमच्या सामान्य हुशार मुलांसाठी.

अर्जाची रीत

आता अर्जाकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली शिक्षकांच्या नेमणुकीची नियमावली काढली. तिच्यात सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला कोणाला बोलवावे, यासाठी शंभर गुणांचे कोष्टक आहे. महाविद्यालयासाठी एक आणि विद्यापीठासाठी दुसरे.

एक हिशेब करून पाहू. समजा, एका मुलीला बी.एस्सी.ला ७२ टक्के, एम.एस्सी.ला ६८ टक्के, पीएच.डी. झालेली, सेट उत्तीर्ण, तीन शोधनिबंध आणि दोन वर्षे पोस्टडॉकचा अनुभव आहे. महाविद्यालयाच्या कोष्टकात तिला पदवीचे १९, पदव्युत्तरचे २३, पीएच.डी.चे २५, सेटचे ५, निबंधांचे ६ आणि अनुभवाचे ४, असे ८२ गुण पडतात. विद्यापीठाच्या कोष्टकात तीच मुलगी १३, २३, ३०, ३, ६ आणि ४ मिळून ७९ वर येते. म्हणजे विद्यापीठात प्रबंधाला वजन अधिक आणि महाविद्यालयात पदवीच्या गुणांना व सेटला अधिक. पोस्टडॉकच्या दर वर्षाला दोन गुण, जास्तीत जास्त दहा. वर्षाहून कमी काम असेल तर त्या प्रमाणात कमी. या नियमावलीत हे गुण मुलाखतीच्या दारापर्यंतच नेतात. आतली निवड मुलाखतीवर होते. राज्ये व विद्यापीठे यांत आपली भर घालतात आणि नियम बदलतही असतात. २०२३ साली आयोगाने नेट, सेट किंवा स्लेट ही सहायक प्राध्यापकासाठी किमान अट केली. म्हणून ज्या दिवसाची जाहिरात, त्या दिवसाचा नियम वाचावा.

कोष्टकातून पहिला धडा मिळतो तो कागदांचा. अनुभवाचे गुण अनुभवाला मिळत नाहीत, त्याच्या दाखल्याला मिळतात. कामावर रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, संस्थेचा शिक्का, नियुक्तिपत्र, हे सारे काम चालू असतानाच जमवावे. जागा सोडून चार वर्षे झाल्यावर दाखला मागणे किती कठीण असते, हे हजेरीपटावरून भांडलेल्या माणसांना विचारा. राखीव जागेसाठी जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तेथे उन्नत गटात नसल्याचा दाखला आधीच तयार हवा. जाहिरातीची मुदत कचेरीतल्या बाबूची वाट पाहत नाही.

दुसरा धडा मजकुराचा. विद्यापीठे व संशोधन संस्था माहितीपत्रकाशिवाय आणखी तीन गोष्टी मागतात: पुढच्या संशोधनाची आखणी, शिकविण्याविषयीचे निवेदन आणि शिफारसपत्रे.

आखणीत उमेदवार बहुधा आपला प्रबंधच पुन्हा सांगतो. निवडसमितीला प्रबंध नको असतो, तो तिच्यापुढे आहेच. तिला विचारावयाचे असते: तुमच्या गुरूचे काम कोणते आणि तुमचे कोणते? पुढची पाच वर्षे कोणता प्रश्न घेणार? तो याच ठिकाणी का? त्याला किती पैसा आणि कोणती उपकरणे लागतील? पहिल्या वर्षी आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती काय देणार? भंडाऱ्याच्या महाविद्यालयात येऊन कोट्यवधींचे यंत्र मागणारी आखणी कितीही विद्वत्तेची असली तरी कागदावरच राहणार. उलट आपले जुने मालगुजारी तलाव आहेत, त्यांचे पाणी आहे, गाळ आहे, मासळी आहे. धानाची शेते आहेत. खाणींची धूळ आहे. साध्या उपकरणांनी येथे उत्तम काम होऊ शकते. अर्ज करण्यापूर्वी त्या गावाची आणि त्या संस्थेची माहिती काढणे, हा आखणीचाच भाग आहे.

शिकविण्याच्या निवेदनात ‘मला अध्यापनाची आवड आहे’ असे लिहून काही साधत नाही. बी.एस्सी.च्या कोणत्या वर्षाला कोणता विषय शिकवू शकाल, मुलांना कोठे अडते आणि तेथे तुम्ही काय करता, हे एका उदाहरणाने लिहिले की वाचणाऱ्याला शिक्षक दिसू लागतो.

शिफारसपत्राविषयी आपल्या समाजात मोठा घोटाळा आहे. शिफारस म्हटले की आपल्याला वशिला आठवतो. वशिला म्हणजे काम न पाहता माणसाला पुढे ढकलणे. शिफारसपत्र म्हणजे साक्ष: मी या माणसाचे काम डोळ्यांनी पाहिले, त्यात हे बळ आहे आणि ही उणीव आहे. अशी साक्ष मागण्यात लाचारी नाही. परंतु ती नीट मागावी. निदान महिनाभर आधी कळवावे. जाहिरात, आपले माहितीपत्रक, आखणी आणि शेवटची तारीख सोबत द्यावी. आपण एकत्र केलेल्या कामाची आठवण चार ओळींत द्यावी. आणि तिन्ही साक्षीदार एकाच प्रयोगशाळेतले नसावेत. जो केवळ एकाच मार्गदर्शकावर अवलंबून राहिला, त्याचे भवितव्य एका माणसाच्या मर्जीवर टांगलेले राहते.

शेवटी मुलाखत आणि व्याख्यान. समितीत आपल्या विषयाचा माणूस एखादाच असतो. जो आपले काम शेजारच्या विषयातल्या माणसाला वीस मिनिटांत समजावू शकत नाही, तो पहिल्या वर्षाच्या मुलांना कसा समजावील, अशी शंका त्यांना येते. हे कसब जन्मजात नसते. चार माणसांपुढे चारदा बोलून, चुका ऐकून घेऊनच ते येते. त्यासाठी ऐकणारी चार माणसे मात्र लागतात.

मार्गदर्शन हेही काम आहे

येथवर उमेदवाराला मिळावयाच्या मार्गदर्शनाचे झाले. त्याने द्यावयाच्या मार्गदर्शनाचाही विचार केला पाहिजे. प्रयोगशाळेत नव्या विद्यार्थ्याला उपकरण कोण दाखवितो? त्याच्या वहीतली चूक कोण पकडतो? त्याचा धीर सुटला तर रात्री त्याच्याशी कोण बोलतो? बहुतेक ठिकाणी पोस्टडॉकच. हे काम कोठे मांडले जात नाही आणि ते कसे करावे हेही कोणी शिकवीत नाही.

आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापक एका वेळी चार, सहयोगी प्राध्यापक सहा आणि प्राध्यापक आठ विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करू शकतो. मार्गदर्शक होण्यासाठी स्वतःची पीएच.डी. आणि प्रसिद्ध झालेले निबंध पाहिले जातात. तरुणाची पाच-सहा वर्षे हाती घेणाऱ्याला माणूस घडविण्याची तालीम मिळाली आहे की नाही, याची त्या पात्रतेत गणती नाही. रस्त्यावर गाडी काढावयाची तर आपण परवाना मागतो.

चांगला मार्गदर्शक काय करतो? कामाच्या सुरुवातीलाच बसून ठरवितो की निबंधावर नाव कोणाचे व कोठे येईल. ठरावीक दिवशी ठरावीक वेळ देतो. चूक काम संपल्यावर न सांगता चालू असताना सांगतो. आणि वर्षातून एकदा विचारतो, ‘तुला पुढे काय व्हावयाचे आहे, आणि त्यासाठी यंदा काय करावयाचे?’ प्राध्यापकच व्हावयाचे असेही नाही. उद्योग, शासकीय प्रयोगशाळा, औषध कारखाने, शालेय शिक्षण, सगळी कामे मानाची आहेत. परंतु हे वेळेवर बोलले गेले पाहिजे; चाळिशीत बोलून उपयोग नाही.

मेहेरबानी आणि हक्क

कोणी म्हणेल, चांगले मार्गदर्शक हे सारे करतातच. करतात, आणि त्यांना माझा नमस्कार आहे. पण चांगला मालक भेटला म्हणून मजुरीचा कायदा नको, असे आम्ही कधी म्हटले नाही.

बिडीच्या धंद्यातली छाट आपल्या गावाला ठाऊक आहे. बाई दिवसभर बसून बिड्या वळणार; सट्टेदार त्यांतल्या मूठभर बाजूला काढणार; छाट म्हटली की मजुरी बुडाली. का काढली, हे विचारण्याची सोय नव्हती. १९६६ साली संसदेने बिडी व सिगार कामगारांचा कायदा केला. कच्चा माल, छाट आणि छाटीची मजुरी यांविषयीचा तंटा नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे नेण्याची तरतूद त्यात झाली. छाट त्याने नाहीशी झाली नाही. पण तिचे कारण मागणे हा हक्क झाला. जी गोष्ट मर्जीची होती ती लेखी झाली, हेच त्यातले मोठे पाऊल.

मार्गदर्शनाबाबत जगात अशी पावले पडलेली आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने २००९ पासून नियम केला की, ज्या प्रकल्पात पोस्टडॉकच्या पगाराची मागणी आहे, त्या प्रकल्पाच्या अर्जासोबत त्याला मार्गदर्शन कसे करणार याचा एक पानाचा आराखडा जोडलाच पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१९ च्या करारनाम्यात संशोधकाला वर्षातून निदान दहा दिवस स्वतःच्या व्यावसायिक शिक्षणासाठी मिळावेत, असे लिहिले गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पोस्टडॉकांनी तर मोटार कामगारांच्या युनियनमध्ये संघटित होऊन २०१० साली पहिला करार मिळविला. पोस्टडॉकने मागितले तर मार्गदर्शकाने त्याच्यासह पुढील वाटचालीचा आराखडा करावा, असे कलम त्यांच्या करारात आहे. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी त्या विद्यापीठात सुमारे ४८,००० जणांचा संप सुरू झाला, त्यात हे पोस्टडॉकही होते. मोटारी जोडणारा आणि पेशी तपासणारा एका झेंड्याखाली येतो, ही गोष्ट माझ्यासारख्याला किती सुखाची, ते वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडेही चांगली सुरुवात आहे. जीवशास्त्रातल्या तरुण संशोधकांची संमेलने २००९ साली सुरू झाली. इंडियाबायोसायन्स ही संस्था ती भरविते. त्यांत नव्याने लागलेले प्राध्यापक, जागा शोधणारे पोस्टडॉक आणि संस्थांचे संचालक एकत्र बसतात. परंतु अशा संमेलनाला निवडक माणसेच पोहोचतात. विद्यापीठांतले प्रशिक्षणवर्ग मुख्यतः नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी आहेत. दाराबाहेर उभा आहे त्याची व्यवस्था फार थोडी.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती तीनच ओळींची आहे. प्रत्येक पोस्टडॉकच्या नेमणुकीसोबत मार्गदर्शनाचा लेखी आराखडा असावा. शिकण्यासाठी वर्षातले काही दिवस त्याच्या हक्काचे असावेत. आणि अर्जाच्या छाननीत आपल्याला किती गुण पडले व कोठे कापले गेले, हे प्रत्येक उमेदवाराला न मागता कळविले जावे.

आपल्या गावात

दिल्लीचे दिल्लीत होईल तेव्हा होईल. भंडाऱ्यात काय करता येईल? गावात निवृत्त प्राध्यापक आहेत, चालू प्राध्यापक आहेत. वर्षातून दोनदा, सुट्टीत मुले घरी येतात तेव्हा, या मंडळींनी एखाद्या महाविद्यालयाच्या खोलीत बसावे. मुलांनी अर्ज आणावेत, ते वाचून दाखवावेत. खोटी मुलाखत घ्यावी, खरी वाटेल अशी. ज्याला जागा लागली त्याने आपला अर्ज, आखणी आणि मुलाखतीत विचारलेले प्रश्न वाचनालयात ठेवावेत. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांपासून मुलांना वेळीच सावध करावे. याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. एक कपाट आणि काही संध्याकाळी लागतात.

आणि आईबापांना एक विनंती. तुमचा मुलगा किंवा मुलगी पीएच.डी. होऊन दोन वर्षे झाली, तीन झाली, तरी ‘कायम’ झाली नाही, तर तो तिचा नाकर्तेपणा समजू नका. लग्नकार्यात चार नातेवाइकांदेखत ‘अजून शिकतेच आहे का?’ असे कोणी विचारले, तर तिच्या वतीने तुम्ही उत्तर द्या: ती काम करते आहे, आणि तिच्या कामाला कायमची जागा देणे हे समाजाचे देणे आहे.

सट्टेदाराच्या दारात एकटी बाई उभी राहिली तेव्हा तिची छाट निघाली. दहाजणी मिळून उभ्या राहिल्या तेव्हा त्याला कारण सांगावे लागले. शिकलेल्या उमेदवारांनाही यापेक्षा वेगळा नियम लागू नाही.